झुल्यावरची निळी काच

उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या वरठीच्या घरात मुद्दाम अंधार केलेला असतो. खिडक्यांवर जाड चादरी, दाराला दुहेरी पडदा, कोपऱ्यात खसच्या ताट्या लावलेला कूलर. बाहेर ऊन असं की डोकं ठणकावं, आणि आत ओल्या खसचा वास, कूलरची घरघर आणि तळ्याच्या तळाशी बसल्यासारखा हिरवट काळोख. त्या काळोखात किती वाजले ते कळत नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेत, हेसुद्धा कधी कधी हात लावून पाहावं लागतं. माझी लेक आठ महिन्यांची होती तो उन्हाळा मला असाच आठवतो, अर्धवट झोपेत पाहिल्यासारखा. मधोमध तिचा झुला हलतोय, आणि समोर कपाटावर एक लालसर ठिपका.

तो ठिपका मीच बसवला होता. कॅमेरा होता तो, मुठीएवढा. खोलीत अंधार झाला की त्याच्यातले बारके दिवे आपोआप लागायचे आणि भंडाऱ्याला कार्यालयात बसल्या बसल्या मला मोबाइलवर खोली दिसायची. रंग नाही, सगळं राखाडी. राखाडी झुला, राखाडी भिंत, राखाडी बाळ.

माझी बाळंतपणाची रजा संपली होती. नवरा सकाळच्या गाडीने नागपूरला जायचा, संध्याकाळी यायचा. आई जाऊन चार वर्षं झाली होती. उरले बाबा. ते माझ्याकडेच राहायचे. त्यांनी आपणहून सांगितलं, "कायले फिकर करतेस वो? मी आहो ना."

मी सगळ्यांना सांगितलं की कॅमेरा बाळासाठी आहे. नवऱ्यालाही तेच, बाबांनाही तेच. खरं सांगू? तो बाबांवर होता. बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्या एका डोळ्यावर त्यांचं सगळं चालायचं. उजव्यात तर ताकासारखं पांढरं साचलेलं, त्यातून फक्त दिवस आहे की रात्र एवढंच कळायचं. "करून घ्या ना जी बाबा दुसऱ्याचं" असं म्हटलं की त्यांना नेमकं गच्चीवर काहीतरी वाळत घातल्याचं आठवायचं. अशा माणसाच्या हाती, त्यातून अंधाऱ्या खोलीत, आठ महिन्यांचं पोर ठेवायचं म्हणजे माझा जीव टांगणीला. पण हे त्यांना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. म्हणून तो कॅमेरा.

बाबा उमेदीची वर्षं दूर परराज्यात होते. ढलाईच्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या, एका लहानशा कारखान्यात, भट्टीवर. तो कारखाना बंद पडून जमाना झाला. पण भट्टी काही बाबांच्या अंगातून गेली नाही. चहा गाळतानाही ते गाळणीकडे असे बघायचे की जणू आता लोखंडाचा रस ओतायचा आहे. भट्टीकडे कधी पाठ करायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. आगीवर एक डोळा कायम ठेवायचा. आणि आच किती आहे ते डोळ्याला विचारायचं नाही, गालाला विचारायचं. गाल पुढे करायचा, चटका बसला की मागे सरायचं. हे सगळं ते मला लहानपणी गोष्टीसारखं सांगायचे आणि मी झोपून जायचे.

त्या दिवसांची एकच वस्तू त्यांनी जपून आणलेली. हाताच्या पंजाएवढी निळी काच, लाकडी चौकटीत बसवलेली, खाली मूठ. ती डोळ्यांसमोर धरून भट्टीत बघायचं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर नुसती झगमग, काचेतून मात्र आतलं लोखंड जांभळं, उकळणारं, स्पष्ट दिसायचं. त्यांच्या मिस्त्रीने स्वतःची काच त्यांना दिली होती. बाबा ती पेटीत, धोतरात गुंडाळून ठेवायचे. आईच्या साड्यासुद्धा इतक्या मानाने ठेवलेल्या नव्हत्या, आणि आई ते बोलूनही दाखवायची.

कॅमेरा लावल्यावरचा पहिला रविवार. दुपारी जेवून आम्ही त्या गार अंधारात लवंडलो होतो. बाबा बराच वेळ कपाटाकडे पाहत होते.

"हे लाल काय होय वो? तापून राहिलं काय ते?"

मला हसूच फुटलं. "तापत नाही जी. अंधारात पाहाले उजेड लागते ना त्याले? त्याचा उजेड आहे तो. आपल्याले दिसत नाही, त्याले दिसते."

"दिसत नाही तं मले लाल काहून दिसून राहिलं?"

"काठाकाठाचा दिसते थोडासा. खरा उजेड तर दिसतच नाही."

इथपर्यंत थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला कुठे थांबायचं ते कधी कळलंय? हुशारी दाखवायची खाज. मी टीव्हीचा रिमोट घेतला, त्याचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरलं आणि बटण दाबलं. "हे पाहा जादू." नुसत्या डोळ्यांना रिमोटच्या टोकाला काहीच नव्हतं. मोबाइलच्या पडद्यावर मात्र तिथे एक जांभळा ठिपका लुकलुकला. मग मी मोबाइल कपाटाकडे वळवला. तिथे तर जांभळट पांढऱ्या ठिपक्यांचं कडंच उमटलं.

बाबा हसले नाहीत. उठले, चाचपडत आपल्या खोलीत गेले, पेटी उघडल्याचा आवाज आला. परत आले ते निळी काच घेऊन. ती डाव्या डोळ्यासमोर धरून कपाटासमोर उभे राहिले. किती वेळ! मलाही बघायला दिली. काचेतून सगळी खोली बुडाल्यासारखी काळीनिळी झाली, झुला दिसेना, भिंत दिसेना. तो लाल ठिपका मात्र होता तसाच, उलट जास्तच उठून दिसणारा.

"हे भट्टीचंच होय, बाई," बाबा हळूच म्हणाले.

"काहीतरीच! कुठं भट्टी आणि कुठं हा डाळीएवढा दिवा!"

"लहान असन, पण जात तेच आहे. जांभळा रंग मी जिंदगीभर पाह्यला. लेकराच्या डोळ्यावर काहून सोडून राहिली?"

"बाबा, हे कंपनीवाले तपासूनच विकतात. तुम्हाले काय समजते त्याच्यातलं?"

ते गप्प झाले. बाबा गप्प झाले की मी जिंकले असं मला वाटायचं. तशी वाईट सवयच होती मला.

सोमवारी कार्यालयात, फायलींच्या आडून, मी मोबाइल उघडला. राखाडी खोलीत बाबा स्टुलावर बसलेले. झुल्याच्या आणि कॅमेऱ्याच्या बरोबर मध्ये. तोंड कॅमेऱ्याकडे. बाळाकडे पाठ! एक हात मागे झुल्याच्या दोरीवर, आणि नजर सरळ माझ्याकडे लावलेली. त्या न दिसणाऱ्या उजेडात त्यांचा डावा डोळा गाडीच्या दिव्यात सापडलेल्या मांजरासारखा चमकत होता, उजवा विझलेला. मला उगाच कसंतरी झालं. स्वप्नात ओळखीचं माणूस बघत असतं पण बोलत नाही, तसं. बाळ तर दिसतच नव्हतं, त्यांचं डोकं मध्ये. आणि झुल्याच्या दोरीला, बाळाच्या तोंडासमोर, चौकोनी काहीतरी लोंबत होतं. मोठं करून पाहिलं, तर खाली मूठ दिसली. बाबांची निळी काच.

संध्याकाळी मी पायातली चप्पल काढायच्या आधी सुरू झाले. "पोरीले सांभाळायचं सोडून कॅमेऱ्यात काय पाहत बसता जी? आणि ते काच काहून टांगली? डोक्यात पडली तर?"

"दोरी मजबूत आहे. नाही पडत," एवढंच ते म्हणाले.

सकाळी चादर बाजूला केली की काचेतून निळा कवडसा पडायचा आणि बाळाच्या पोटावरून, हातांवरून सरकत जायचा. ती त्याला पकडायला जायची, मुठी उघडून बघायची, मुठीत काहीच नसायचं, तरी हसायची. ते इतकं गोड होतं की मी खेळणं समजून काच राहू दिली. दोरीची गाठ तेवढी स्वतः ओढून पाहिली.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गुरुवारीही तेच. जेव्हा बघावं तेव्हा स्टूल, बाबा, तो चमकणारा एक डोळा. मधूनच ते मान वाकडी करून गाल पुढे करायचे, जसं कुणी भिंतीपलीकडचं ऐकतंय. संध्याकाळी मानेला मलम लावून मागायचे. मी मलम चोळता चोळता बडबडायचे, "दिवसभर बसल्या बसल्या पेंगता वाटते, मंग मान नाही अखडणार तं काय होणार?" डाव्या डोळ्यातून पाणी यायचं त्यांच्या. त्यावरही मी ओरडले, की थेंब वेळेवर टाकत नाही. ते फक्त "हाव, हाव" करायचे. आता आठवलं की वाटतं, स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्यात.

शुक्रवारी दुपारी मोबाइल उघडला आणि पडदा काळा. राखाडी नाही, काळा. दोनदा बंद करून उघडला. काळाच. बाबांना फोन लावला, वाजत राहिला, उचलेनात. साहेबांना काय सांगितलं ते आठवत नाही. स्कुटी काढली आणि निघाले. रस्ता उन्हात पाण्यासारखा हलत होता, पुढे प्रत्येक वळणावर तळं साचल्यासारखं दिसायचं आणि जवळ गेलं की नाहीसं व्हायचं. मला फक्त झुला दिसत होता, उलटा झालेला. त्याच्याखाली चाचपडणारा बाबांचा हात.

घरात शिरले तर बाबा झुल्याजवळ जमिनीवर बसलेले, बाळ मांडीवर. त्यांच्या बोटांनी मऊ भात खात होतं, गालाला शितं चिकटलेली. मजेत होतं. आपला मोबाइल त्यांनी पुढच्या खोलीत ठेवलेला, बाळाची झोपमोड नको म्हणून. आणि कपाटावर, कॅमेऱ्यावर, त्यांचा दुपट्टा टाकलेला.

"मान लयच अखडली आज," ते म्हणाले. "बसनं नाही झालं. म्हून झाकून टाकलं."

बाळ सुखरूप आहे हे दिसल्यावर माणसाने शांत व्हायला हवं. माझं उलटं झालं. वाटभर जे भ्याले होते ते सगळं तोंडातून बाहेर पडलं.

"झाकून टाकलं? मी तिकडं मरून राहिली होती! चार दिवस झाले, पोरीकडं पाठ करून बसून राहिले तुम्ही! तुम्हाले दिसत नाही म्हून तं लावला ना तो कॅमेरा! तिच्यावर नाही, तुमच्यावर लावला!"

बोलले आणि जीभ चावली. पण सुटलेलं सुटलं. कूलरचा पंप तेवढा बुडबुडत राहिला. बाबांनी बाळाचा गाल दुपट्ट्याच्या टोकाने पुसायला हात वर नेला, दुपट्टा खांद्यावर नाही हे लक्षात आलं, मग तळहातानेच पुसला. बाळ माझ्या मांडीवर दिलं.

"बराबर आहे," ते म्हणाले. "नाहीच दिसत." आणि थोड्या वेळाने, "मी सानगडीले जाऊन राहतो काही दिवस. भावाकडे."

रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. ते रागावलेले नव्हते. ते पेटीपाशी जाऊन बसले आणि कपडे एकेक करून, नाकाजवळ धरून, आपलेच आहेत का बघत ठेवू लागले. मला रडू आलं, पण माफी काही तोंडातून येईना. मी एवढंच म्हणाले, "डोळ्यातून पाणी येते ना तुमच्या, उद्या डॉक्टरकडे नंबर लावला आहे. ते करा, मंग जा."

शनिवारी नवरा घरी होता. बाळाला त्याच्याकडे ठेवून आम्ही भंडाऱ्याला गेलो. डॉक्टर बाई होत्या, माझ्यापेक्षा लहानच. त्यांनी थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, काम काय करत होते?"

"भट्टीवर होतो."

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, मोतीबिंदू वयानेही होतो, पण वर्षानुवर्षं आगीसमोर उभं राहणाऱ्यांच्या डोळ्यांना आचही पोहोचते. आगीचा जो उजेड दिसतो त्याने डोळा मिटतो, माणूस तोंड फिरवतो. न दिसणारा उजेड सोबत असतो, त्याला डोळा मिटतच नाही, तो नुसता आत जात राहतो. रोज, तासन्‌तास.

"पण मी तं काच लावून पाहत होतो," बाबा म्हणाले. "निळी."

"तशी काच झगमग कमी करते. आच फारशी अडवत नाही."

मला वाटलं, बाबा आता विचारतील, मिस्त्रीची काच, इतकी वर्षं, असं कसं. ते त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "मंग कॅमेऱ्याचा दिवा? लेकराच्या डोळ्याले? तेही न दिसनारंच होय ना?"

डॉक्टर बाईंना मी सगळं सांगितलं, रिमोटपासून. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी अजून त्यांची आभारी आहे. म्हणाल्या, "आजोबांनी जात बरोबर ओळखली. उजेड त्याच जातीचा. पण उदबत्तीवर कुणी भाकर भाजतं का? रिमोट काय, चेहरा बघून उघडणारा मोबाइल काय, घरातला कॅमेरा काय, ह्यांचा उजेड एवढासा असतो. त्यातून कॅमेरा कपाटावर, बाळ खाली झुल्यात. तिला काही होत नाही. फक्त असा दिवा अगदी डोळ्याजवळ धरून एकटक बघत बसू नये, कारण डोळा सांगणार नाही की पुरे." मग बाबांच्या डाव्या डोळ्यात पुन्हा डोकावून त्या म्हणाल्या, "हा डोळा छान आहे. कोरडा पडलाय तेवढा. कूलरसमोर न मिटता बसून राहिले होते का?"

बाबा तळहाताने डोळा पुसत राहिले. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मात्र चटकन "हाव" म्हणाले. मी चाटच पडले.

थेंबांमुळे त्यांना ऊन सोसवेना. सगळं पांढरं पांढरं दिसतं म्हणाले. मी त्यांना कारध्याला नेलं, पुलापलीकडे, नदीकाठच्या झाडाखाली. थेंबांचा असर उतरेपर्यंत बसू म्हटलं. वैनगंगेला पाणी थोडं होतं, त्यावर उन्हाचा चुरा पसरलेला. बाबा डोळे मिटून, माझा रुमाल कपाळावर घेऊन बसले. वारा मधूनच यायचा आणि झोप लागल्यासारखं व्हायचं. मी मनाशी वाक्य जुळवत होते. शेवटी जुळवलेलं सोडून दिलं.

"बाबा, चुकलं माझं. सानगडीले जाऊ नका. मी कॅमेरा काढून टाकते."

"राहू दे. काही होत नाही म्हणते ना ते डॉक्टरीन."

"बाळासाठी नाही काढत. तुमच्यासाठी काढते."

नदीकडून कपडे आपटल्याचा आवाज येत होता. मग बाबा म्हणाले, "ते काच काढून टाक झुल्याची. कामाचीच नव्हती म्हणते. मी तं समजलो, तिचे डोळे वाचून राहिले."

"ती तुम्ही खेळायले टांगली होती ना तिले?"

"खेळायले?" त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच माझ्याकडे तोंड वळवलं. "आगीच्या बाजूनं टांगली होती वो. पाह्यलं नाही तू?"

पाहिलं होतं. चार दिवस तेच तर पाहत होते. स्टूल मध्ये. तोंड कॅमेऱ्याकडे, कारण भट्टीकडे पाठ करायची नाही. गाल पुढे, आच वाढते का बघायला. बाळावर त्यांची सावली. आणि तो उघडा, चमकणारा डोळा, आगीवर ठेवलेला. त्यांच्या लेखी ती भट्टीच होती. तीच, जिच्यासमोर काचेशिवाय डोळा टिकत नाही, असं ते धरून चालले होते, डॉक्टरने सांगायच्या कितीतरी आधीपासून. आणि तिच्यासमोर ते चार दिवस, रोजची अख्खी दुपार, उरलेला एकच डोळा घेऊन बसले होते. न मिटता.

"बाबा, मंग तुम्ही काच काहून नाही लावली? तुमचा तं एकच डोळा आहे."

त्यांना या प्रश्नाचं नवल वाटलं असावं. कपाळावरचा रुमाल सारखा करत ते म्हणाले, "काच एकच होती ना, बाई."

सोमवारी मी कामावर गेले. दुपारी सवयीने मोबाइल हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. त्यात बघायला काही नव्हतं. घरी बाबा होते.